दुसरी बस मागे थांबते तेव्हा

थांब्यावर रांग लागलेली असते. एक बस येते आणि रांगेच्या तोंडाशी उभी राहते. तिच्या पाठोपाठ दुसरी येते, आणि नेमकी दुसरीच आपली असते. आता जागचे हलायचे की नाही? पहिली निघाली की दुसरी पुढे सरकून रांगेपाशी येईल, असा नियम आहे. पण ती येईलच याची खात्री कुणालाच नसते. मागच्या मागेच उतारू उतरवून, धावत आलेल्या दोन-चार जणांना घेऊन, पहिलीला वळसा घालून ती निघूनही जाईल. म्हणून रांग मोडते आणि माणसे मागच्या बसकडे पळू लागतात. ती पोचेपर्यंत तिसरी येते. या पळापळीत कोण मागे पडते हे सांगायला नको. कडेवर मूल असलेली बाई, काठी टेकत आलेले आजोबा, डोक्यावर पाटी असलेली कोळीण.

या दृश्याला आपण बेशिस्त म्हणून मोकळे होतो. वाहतूक अभियंते त्याला थांब्याची क्षमता म्हणतात, आणि माझ्या मते त्यांचे म्हणणे जास्त माणुसकीचे आहे. कारण पळणाऱ्याचा दोष इतकाच की, आपण उभे कुठे राहायचे हे त्याला आधी कुणी सांगितलेले नाही. ते कसे सांगावे यावर जगातल्या काही शहरांनी गेल्या पन्नास वर्षांत फार डोके चालवले. त्याचा इतिहास मोठ्या शहरांच्या इतिहासात सापडत नाही. तिथे भुयारी रेल्वे असते, उड्डाणपूल असतात. थांब्याची पाटी नसते.

आधी थोडे गणित. एका बसला थांब्यावर तीस सेकंद लागतात असे धरू. ती निघून मागची तिच्या जागी येऊन उभी राहायला आणखी पंधरा. म्हणजे पंचेचाळीस सेकंदांना एक बस, तासाला ऐंशी. हे कागदावर. प्रत्यक्षात पुढे लाल सिग्नल असतो, कुणाकडे सुटे पैसे नसतात, कुणी पायरीवर उभे राहून ही बस अमुक ठिकाणी जाते का म्हणून विचारतो. तीसचे नव्वद सेकंद होतात आणि मागच्या सगळ्या बस ते नव्वद सेकंद भोगतात. मग कुणीही म्हणेल, थांबा लांब करा. एकामागे एक पाच बस उभ्या राहतील एवढा करा, म्हणजे पाचपट बस जातील. तसे होत नाही. अमेरिकेतल्या ट्रान्स्पोर्टेशन रिसर्च बोर्डाने १९९९ साली सार्वजनिक वाहतुकीच्या क्षमतेवर एक जाडजूड हस्तपुस्तिका काढली. तिच्या पुढच्या आवृत्त्याही निघाल्या. तिच्यातले एक साधे कोष्टक मला मोठ्या ग्रंथाच्या तोलाचे वाटते. रस्त्याच्या मार्गिकेतच एकामागे एक अशा पाच जागा दिल्या, तरी तीन जागांएवढेही काम त्यांच्याकडून होत नाही, असे ते सांगते. दुसरी जागा जवळजवळ पूर्ण उपयोगी पडते, तिसरीही बरीचशी. चौथी आणि पाचवी मात्र नावापुरत्या.

कारण उघड आहे, फक्त आपण त्याकडे थांब्यावर उभे असताना पाहत नाही. पुढच्या बसमध्ये माणसे चढत असतील तर मागची भरून तयार असली तरी तिला निघता येत नाही. उलट पुढची निघून गेली आणि मागची अजून अडकलेली असेल, तर पुढची मोकळी जागा मोकळीच राहते, कारण नवी बस तिथवर पोचू शकत नाही. भर गर्दीच्या वेळी, बस मागे खोळंबलेल्या असताना, थांब्याच्या तोंडाशी रिकामी जागा दिसते ती यामुळे. रस्ता कितीही रुंद असो, तो अडतो तो या बारा-पंधरा मीटरांवर.

मुंबईची बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावू लागली आणि १९३७ साली तिला वरचा मजला मिळाला. थांब्याच्या हिशेबाने दुमजली बस ही फार शहाणी वस्तू आहे. रस्त्यावर ती एका बसइतकीच लांबी घेते आणि माणसे दीडपट नेते. पण मुंबईने त्याहूनही मोठी बचत केली ती कंडक्टरच्या रूपात, आणि त्याचे श्रेय तिला फारसे कुणी दिले नाही. मागच्या दाराने चढायचे, पुढच्या दाराने उतरायचे, आणि तिकीट बस सुटल्यावर काढायचे. पैसे देणे, सुटे शोधणे, हुज्जत घालणे हे सारे दोन थांब्यांच्या मधल्या अंतरात उरकले जाई. थांब्यावर उरे ते फक्त चढणे आणि उतरणे. पंच खटखटवत गर्दीतून वाट काढणारा तो माणूस आपल्याकडून पैसे घेतो एवढेच आपल्याला दिसत होते. तो मागच्या बसचा खोळंबा वाचवतो आहे हे दिसत नव्हते. डबल बेल त्याच्याच हातात असे, म्हणजे थांब्याचे घड्याळही त्याच्याच हातात.

मुंबईच्या बसची दुसरी खूण तिच्या कपाळावर होती. समोर मार्गाचा क्रमांक देवनागरी आकड्यांत आणि बाजूला इंग्रजीत. लांबून येणारी बस ओळखायची तर देवनागरी आकडे यायलाच हवेत. मुंबईत पोटासाठी आलेल्या किती तमिळ, मल्याळी, बंगाली माणसांनी हे दहा आकडे पुस्तकाऐवजी बसच्या कपाळावर गिरवले, त्याची मोजदाद कुठे नाही. देवनागरी चार इंग्रजी आठसारखा दिसतो आणि देवनागरी एक इंग्रजी नवासारखा. चुकीच्या बसला हात करून ती थांबवणे, मग मान हलवून मागे सरणे, यात आठ-दहा सेकंद जातात, आणि ती सेकंदे पुन्हा मागच्या बसच्याच खाती पडतात. थांबा हा वाचण्याचाही प्रश्न आहे हे इथे आपसूक लक्षात येते.

हा वाचनाचा प्रश्न सर्वांत गंभीरपणे मनावर घेतला तो अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या एका मध्यम शहराने. ऑरेगन राज्यातले पोर्टलंड. तिथे कंडक्टर नव्हता. पैसे चालकाशेजारच्या पेटीत टाकायचे, तेही चढताना. म्हणजे मुंबईने चालत्या बसमध्ये ढकललेले काम इथे थांब्यावर येऊन बसले होते. शिवाय या शहराचे चौक फार जवळजवळ आहेत. एकेक ब्लॉक दोनशे फुटांचा, म्हणजे साधारण साठ मीटर, की लगेच आडवा रस्ता आणि सिग्नल. पाच-सहा बस उभ्या राहतील एवढा लांब थांबा करायचा म्हटले तरी जागाच नाही. साठच्या दशकाअखेर मध्यवर्ती भागातली दुकाने उपनगरांकडे निघाली होती, हवा मोटारींच्या धुराने खराब होती, आणि खाजगी बस कंपनी डबघाईला आली होती. १९६९ साली ट्रायमेट ही सार्वजनिक संस्था स्थापन झाली आणि तिने बस चालवायला घेतल्या. १९७२च्या शहर आराखड्यात दोन समांतर रस्ते, पाचवा आणि सहावा अॅव्हेन्यू, मुख्यतः बसच्या हवाली करायचे ठरले. १९७७च्या अखेरीस ते तसे झालेही.

त्यांची रचना अशी होती. दोन्ही रस्ते एकेरी, एक दक्षिणेकडे जाणारा, दुसरा उत्तरेकडे. उजवीकडच्या दोन मार्गिका फक्त बससाठी. त्यातली एक थांबण्याची, दुसरी ओलांडून जाण्याची. या दुसऱ्या मार्गिकेत सगळे मर्म होते. एक बस माणसे घेत असताना दुसरी तिच्या बाजूने निघून जाऊ शकली तर मघाचे पाच जागांचे रडगाणे बरेचसे संपते. मग प्रत्येक बस प्रत्येक ब्लॉकवर थांबली नाही तरी चालते. या ब्लॉकवर या बस, पुढच्यावर त्या. एका लांब थांब्याचे अनेक आखूड थांबे करून ते रस्ताभर पसरले. मोटारींना डावीकडची एक मार्गिका उरली, तीही सलग नाही. काही ब्लॉकनंतर मोटारीला वळून बाहेर पडावेच लागे. फूटपाथ रुंद केले, विटांचे केले, त्यावर झाडे लावली.

आता अडचण प्रवाशाची. आपली बस कुठल्या ब्लॉकवर थांबते हे त्याने लक्षात कसे ठेवायचे? मार्ग डझनावारी होते. इथे पोर्टलंडने जे केले ते मला त्या शहराच्या साऱ्या वास्तुरचनेपेक्षा सरस वाटते. शहराच्या भोवतालचा प्रदेश सात भागांत वाटला आणि प्रत्येक भागाला एक चित्र आणि एक रंग दिला. जांभळे पावसाचे थेंब, निळा हिमकण, हिरवे पान, पिवळा गुलाब, लाल सॅमन मासा, नारिंगी हरीण, तपकिरी बीव्हर. ज्या भागात जायचे त्याचे चित्र असलेल्या निवाऱ्याखाली उभे राहायचे; तिथे येणारी प्रत्येक बस निदान आपल्या दिशेची तरी असणारच. आत दूरचित्रवाणीचे पडदे होते आणि त्यांवर बसच्या वेळा दिसत. सत्तरच्या दशकात ही नवलाईच होती.

आपल्याकडे १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपेट्यांवर चिन्हे आली ती बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हते म्हणून. पोर्टलंडच्या बहुतेकांना वाचता येत होते. पण वाचायला वेळ लागतो, आणि पावसात, संध्याकाळी, हातात सामान असताना तो जास्तच लागतो. चित्राला लागत नाही. साक्षर माणसालाही अक्षरांचे ओझे होते असे प्रांजळपणे मानून एखाद्या नगरसंस्थेने पाट्या रंगवल्याची दुसरी इतकी देखणी गोष्ट मला माहीत नाही. आणि ही चित्रे तिथल्या मातीतली होती. त्या ओल्या प्रदेशातल्या माणसाला पाऊस, सॅमन आणि बीव्हर समजावून द्यावे लागत नव्हते.

या चित्रांमागे आणखी एक बारकावा आहे, आणि तो नुसत्या गणिताने सुटत नाही. समजा माझ्या वस्तीकडे तीन वेगवेगळ्या मार्गांच्या बस जातात. एकाच थांब्यावर उभा असेन तर पहिली येईल ती धरीन. पण गर्दी वाटण्यासाठी तुम्ही त्या तिन्ही तीन थांब्यांवर नेल्यात, तर मला एकीवर पैज लावावी लागते, आणि उरलेल्या दोन माझ्या डोळ्यांदेखत निघून जातात. बससाठी थांबा मोकळा झाला, माझ्यासाठी वाट पाहणे वाढले. पोर्टलंडने मार्ग वाटताना दिशेनुसार वाटले, त्यामुळे ही पैज पुष्कळशी टळली. जिथे थांबे नुसते जागा सापडेल तसे वाटले जातात तिथे ती टळत नाही, आणि आपल्याकडच्या कोणत्याही मोठ्या रेल्वे स्थानकाबाहेर ती रोज खेळली जाते.

तिकिटाच्या पेटीवरचा उपायही पोर्टलंडने काढला होता, तो थोडा आधीच. जानेवारी १९७५पासून मध्यवर्ती भागात बसचे भाडेच माफ केले. हेतू मोटारी कमी व्हाव्यात, हवा सुधारावी हा होता. पण आतल्या आत फिरणाऱ्याला पेटीपुढे खोळंबायचे कारण उरले नाही, हा फायदा थांब्याच्या पदरात पडला. ही सवलत कमीजास्त होत ३७ वर्षे चालली आणि २०१२ साली पैशांच्या ओढाताणीत गेली.

आता दक्षिणेकडे, ब्राझीलमधल्या साओ पावलोकडे वळू. काळ तोच, सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध. बाकी काहीच सारखे नाही. १९६४पासून लष्करी राजवट, तेलाच्या किमती भडकलेल्या, कारखान्यांसाठी आलेली माणसे शहराच्या कडेकडेला वस्त्या करून राहिलेली. ती रोज पहाटे मध्यभागाकडे येत आणि रात्री परत जात, बहुतांशी बसने. नोव्हे दे जुल्यो किंवा सेल्सो गार्सिया यांसारख्या रस्त्यांवर गर्दीच्या तासाला शेकड्यांनी बस येत, वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या मार्गांच्या. रस्ता रुंद करायला पैसा नव्हता आणि पोर्टलंडसारखी सलग ओलांडण्याची मार्गिका काढायला जागा नव्हती. १९७६ साली शहराने वाहतूक अभियांत्रिकीसाठी सीईटी ही कंपनी काढली होती. तिथल्या पेद्रो सास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती काढली. तिचे नाव ‘कोमोनोर’, पोर्तुगीजमधल्या ‘शिस्तीत लावलेल्या बसचा तांडा’ या शब्दांचे आखूड रूप.

बस एकमेकींना ओलांडू शकत नाहीत ना, मग त्यांना आगगाडीच्या डब्यांसारखे का वागवू नये? मार्गांचे तीन गट केले, अ, ब आणि क. रस्त्याच्या सुरुवातीलाच बसना त्या क्रमाने लावून घ्यायचे आणि तांडा करून सोडायचे. पुढे प्रत्येक थांब्यावर तीच तीन अक्षरे त्याच क्रमाने. अ गटाची बस अ अक्षरापाशी, ब ब-पाशी. प्रवासीही आपापल्या अक्षराखाली आधीच उभा. सगळ्या बस एकदम थांबणार, सगळ्यांत एकदम चढउतार होणार, सगळ्या एकदम निघणार. रिकामी राहिलेली पुढची जागा आणि अडकलेली मागची बस, हे दुखणेच नाहीसे. खर्च रंगाचा, पाट्यांचा आणि बस लावून देणाऱ्या माणसांचा. पुढे ऐंशीच्या दशकात पोर्तो अलेग्रे शहरानेही तांड्याची पद्धत वापरली, आणि अशा रस्त्यांवर तासाला दोनशे-तीनशे बस एका दिशेने जाताना विकसित देशांतल्या अभ्यासकांनी घड्याळ लावून मोजल्या. एवढी माणसे वाहून न्यायला रूळच लागतात असे तोवर मानले जात होते.

तांडा फार काळ टिकला नाही. त्याचे मर्मस्थान सुरुवातीच्या त्या जागेत होते. क गटाची बस आधी आली आणि अ गटाची अजून मागे कुठे अडकली असेल, तर क-ला थांबवून कोण ठेवणार? आत माणसे कोंबलेली आहेत, चालकाला फेरी पुरी करायची आहे, आणि तिच्यासमोर रस्ता मोकळा दिसतो आहे. पुढच्या सगळ्या थांब्यांवरची सेकंदे वाचवण्यासाठी इथे एकदा एक मिनिट द्यायचे, हा व्यवहार कागदावर चोख आहे. पण तो रोज, प्रत्येक बसच्या बाबतीत, उन्हापावसात उभे राहून करवून घेणारी माणसे लागतात. ती माणसे कमी झाली की क्रम बिघडतो, आणि क्रम बिघडलेल्या तांड्यात अक्षराखाली उभा असलेला प्रवासी पुन्हा पळू लागतो. वाहतुकीच्या पुस्तकांत कोमोनोरवर दोन-चार ओळी असतात. मला वाटते त्या कमी आहेत. गरीब शहराने, गरीब प्रवाशांच्या सेकंदांसाठी, रंगाचा डबा घेऊन केलेला हा प्रयत्न होता.

कोलंबियातल्या बोगोताची कथा यापेक्षा पुष्कळ लोकांना ठाऊक आहे, म्हणून तिच्यात फार रेंगाळत नाही. तिथल्या अव्हेनिदा काराकास या मध्यवर्ती रस्त्यावर १९९० साली बससाठी वेगळ्या मार्गिका झाल्या होत्या. तरीही बस रांगतच होत्या. चालकाची कमाई चढणाऱ्या माणसांवर ठरत असे, त्यामुळे हात दिसेल तिथे बस थांबे आणि समोरची सवारी दुसऱ्याने पळवू नये म्हणून आडवीही होई. तिथले लोक याला पैशापैशाची लढाई म्हणत. चालकाला पगार माणशी मिळतो तिथे थांब्याला अर्थच उरत नाही, मग पाट्या कितीही रंगवा. १८ डिसेंबर २००० रोजी महापौर एन्रिके पेन्यालोसा यांच्या कारकिर्दीत ट्रान्समिलेनियो सुरू झाली तेव्हा सगळेच एकत्र बदलले. कंपन्यांना पैसे किलोमीटरवर. तिकीट स्थानकात शिरतानाच. फलाट बसच्या तळाच्या उंचीचा, म्हणजे पायरी नाही. दारे अनेक. स्थानकात बसना ओलांडायला जागा, आणि एकेका स्थानकाचे अनेक कप्पे, प्रत्येक कप्प्याचे मार्ग ठरलेले. पुढे मार्गांच्या क्रमांकाआधी अक्षरे आली. ते अक्षर बस शहराच्या कोणत्या भागात जाते ते सांगते. पोर्टलंडच्या माशाचे आणि हरणाचे ते दूरचे भावंड. काराकासवर तासाला एका दिशेने चाळीस हजारांहून अधिक माणसे जाऊ लागली. यालाही मर्यादा होती. ९ मार्च २०१२ रोजी गर्दीला आणि भाड्याला विटलेल्या निदर्शकांनी याच रस्त्यावरच्या स्थानकांची मोडतोड केली. बसची दारे वेळेवर उघडत होती, पण आत पाय ठेवायला जागा नव्हती.

बोगोताची वार्ता भारतात पोचली. डिसेंबर २००६मध्ये पुण्यात कात्रज, स्वारगेट, हडपसर या रस्त्यावर देशातला पहिला प्रयोग झाला. २००८ साली दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद असा सुमारे पावणेसहा किलोमीटरचा पट्टा रस्त्याच्या मध्यभागी बससाठी राखला गेला. दिल्लीने मार्गिका घेतली, पण थांब्याचे शास्त्र अर्धेच घेतले. तिकीट बसमध्येच राहिले. कोणत्याही बसला आत यायला मुभा होती. ओलांडायला जागा नव्हती. थांबे सिग्नलच्या अलीकडे होते आणि सिग्नलची आवर्तने लांबलचक. म्हणजे ज्या बस माणसे घेऊन तयार होत त्या लाल दिव्यापाशी थांब्याची जागा अडवून उभ्या राहत, आणि त्यांच्यामागे न भरलेल्या बस. मघाचे पाच जागांचे कोष्टक इथे भर रस्त्यात मांडून ठेवल्यासारखे होते. एवढे असूनही त्या पट्ट्यावरून जाणाऱ्यांत बसमधली माणसे मोटारींतल्यांपेक्षा जास्त होती.

पण ओरडा बसमधल्या माणसांनी केला नाही. मोटारींच्या मार्गिका आकसल्या म्हणून एका संस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. मोटारीतून जाणारे शहराची संपत्ती निर्माण करतात, त्यांचा वेळ असा वाया जाता कामा नये, अशा धर्तीचा युक्तिवाद तीत होता. मिनिट आणि माणूस यांचा हिशेब इतक्या उघडपणे न्यायालयासमोर क्वचितच मांडला गेला असेल. ऑक्टोबर २०१२मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली आणि रस्ता वाहनांमध्ये वाटायचा की माणसांमध्ये, या प्रश्नावर बसच्या बाजूने कौल दिला. निकाल जिंकला, पट्टा हरला. २०१६ साली तो उखडून टाकण्यात आला. न्यायालयात सांगायला आकडे होते. मतपेटीपर्यंत पोचेल असा थांब्यावरचा अनुभव सुधारलेला नव्हता. ज्यांच्यासाठी तो पट्टा होता त्यांनाही रोज पळावेच लागत होते, तर त्यांनी त्याच्यासाठी रस्त्यावर का उतरावे?

पोर्टलंडची चित्रेही आता नाहीत. जानेवारी २००७मध्ये तो बसरस्ता दुरुस्तीसाठी बंद झाला. २००९ साली उघडला तेव्हा त्याच दोन मार्गिकांमध्ये रूळ होते आणि बसबरोबर हलक्या रेल्वेच्या गाड्याही होत्या. रेल्वेच्या थांब्यांना जागा करून देण्यासाठी बसचे थांबे आणखी विरळ झाले. एक बस आता तीन-चार ब्लॉकनंतर थांबते. तरण्याताठ्याला हे अंतर काहीच नाही. गुडघे धरलेल्याला ते अंतर पावसात दोनदा चालावे लागते, जाताना आणि येताना. बसमधल्या पन्नास जणांचा एकेक मिनिट वाचवायला एका म्हातारीची दहा मिनिटे घ्यावीत का, याचे उत्तर हस्तपुस्तिकेतल्या कोष्टकात नाही. शहरे ते प्रत्येक वेळी देतातच, बहुधा तो प्रश्न न विचारता. मासा, हरीण, हिमकण या फेरबदलात गळाले आणि मार्गांचे क्रमांक उरले.

आणि मुंबईत कंडक्टर विरळ होत चालला आहे. गेल्या काही वर्षांत भाडेतत्त्वावर घेतलेल्या काही बस कंडक्टरविना धावू लागल्या. काही मार्गांवर तो बसमधून उतरला आणि थांब्यावर उभा राहून तिकिटे देऊ लागला. काही बसमध्ये दारापाशी यंत्र आले आणि प्रवाशाने चढताना एकदा आणि उतरताना एकदा कार्ड किंवा मोबाइल टेकवायचा असे ठरले. पगाराचा खर्च कमी झाला हे हिशेबात दिसते. चालत्या बसमध्ये होणारे काम पुन्हा थांब्यावर आणि दारात आले, हे दाखवणारा रकाना त्या हिशेबात नसतो. सुट्यांची अडचण यंत्राने संपवली हे खरे. पण कुठे उतरायचे ते आधी सांगा, कुणाला बसायला जागा द्या, दार सोडा, पुढे सरका, हे यंत्र म्हणत नाही.

१५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईची जुनी लाल दुमजली बस शेवटची धावली. लोक छायाचित्रे काढायला जमले होते. त्याच वर्षी तिच्या जागी विजेवर चालणारी, वातानुकूलित दुमजली आली होती. जुन्या बसच्या मागच्या उघड्या पायरीवर थांबा यायच्या आधीच एक पाय बाहेर काढून माणसे उभी असत. नव्या बसला दारे आहेत, ती थांबल्यावरच उघडतात. जुनीला वर जाण्यासाठी एकच जिना होता आणि गर्दीच्या वेळी चढणारा आणि उतरणारा त्यावर समोरासमोर येऊन अडत. नवीला दोन जिने आहेत.